तिसऱ्या मजल्यावरची पायरी

सांगतो रे, डॉक्टरीण काय काय विचारते आणि काय म्हटलं की लवकर सोडते ते सगळं सांगतो, त्यासाठी जिन्यातच उभं राहायला नको — आधी आत ये. थांब! हात आत आल्यावर मिळव. उंबरठ्यावर नाही. इथं उंबरठ्यावर हात मिळवला की भांडण होतं म्हणतात, आणि अकराला तुझी तपासणी आहे, भांडायला वेळ कुठाय. हं, आता दे. मी टोबायस. टोबी म्हण. तू क्विन्सी ना? ओहायोचा. एजंटनं पाठवलेल्या कागदावर सहा फूट दहा इंच लिहिलंय, म्हणजे नऊ असशील — आठ? बरं बरं, कुणाला सांगत नाही. कॉर्डेलच्या कागदावर नऊ होतं. इथं दाराशी उभा करून मोजला तर साडेसात निघाला. मॅनेजर अल्गिस म्हणाला, असू दे, विमानात आकसला असेल.

बॅगा तिथंच टाक. त्या खोक्यांवरून पाय उचलून ये — ती खोकी माझी, म्हणजे कॉर्डेलची, दुपारी दोनच्या बसनं माझ्याबरोबर जातील, मग जागाच जागा. कॉर्डेल माझा मोठा भाऊ. एजंटनं सांगितलंय ना तुला? की नुसतंच 'एक जागा रिकामी झालीय' म्हणाला? … हं. तसंच म्हणतात ते. चूक काय त्यात, जागाच रिकामी झाली. आज बारा दिवस. नको, तसं तोंड नको करूस, तू काही केलेलं नाहीस. व्हिडिओ पाहिलास? … मी नाही पाहिला. मी तिथंच होतो, मला काय करायचाय व्हिडिओ. बस. खुर्चीत नको, ती मोडलीय, पलंगावर बस. पाच मजले चढलायस, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर तू जरा टेकलास, मी वरून पाहिलं, त्यात काही विशेष नाही. सगळेच दमतात. श्वास घे.

हा पलंग बघ. क्लबनं दिला तेव्हा कॉर्डेलच्या पोटऱ्या बाहेर लोंबायच्या, बाळाच्या पाळण्यात घोडा झोपवल्यासारखा दिसायचा. मग खाली कचऱ्याच्या डब्याशेजारी कुणीतरी एक बाक टाकलं होतं, ते मी वर आणलं, पाय कापले, पलंगाला स्क्रूनं जोडलं, वर गादीचा तुकडा शिवला — झाला की नाही दीड फूट लांब? शाळा मी नववीत सोडली, पण हाताला अक्कल आहे. काल ते बाक काढून न्यायला निघालो होतो. कशाला कोण जाणे. बाक घेऊन कोण विमानात बसतं? दोन स्क्रू काढले आणि पुन्हा बसवले. म्हटलं, येणारा पण लांबच असणार, आखूड माणूस कशाला बोलावतील हे लोक. — हीटरला हात लावून उपयोग नाही, तो आपल्या हातात नसतो, अख्ख्या गावाचे एकदमच सुरू करतात. ऑक्टोबरात कुडकुडायचं आणि डिसेंबरात खिडकी उघडी टाकून झोपायचं. फ्रीजमध्ये तिखट सॉसची बाटली आहे, तीन बोटं उरलीय, आमच्या मम्मानं आर्कान्सामधून पाठवलेली. ती तुला ठेवली. जपून वापर. इथं तिखट म्हणजे मिरपूड, आणि तीसुद्धा माफी मागून घालतात.

डॉक्टरणीचं सांगतो, सांगतो. आधी ही किल्ली बघ. क्लबची गाडी. खाली लाल डबी उभी आहे ना, तीच. गिअरची आहे. … पडलं तोंड! सगळ्यांचं पडतं. अमेरिकेतून आलेल्या प्रत्येकाचं इथंच तोंड पडतं — चार वर्षं कॉलेजात खेळला, हजारो लोकांसमोर खेळला, आणि क्लच म्हणजे काय ते माहीत नाही. कॉर्डेलला पहिल्या दिवशी अल्गिसनं विचारलं, येते ना चालवता? हा म्हणाला, येते की! लाज वाटली ना. आणि खेळाच्या हॉलपासून इथपर्यंत अख्खं गाव पहिल्या गिअरमध्ये आला. गुडघे कानाशी, गाडी रेकतेय, मी शेजारी हसून हसून रडतोय. पुढं सायकलवर एक आजोबा होते, त्यांनी दोनदा वळून पाहिलं, मग बाजूला होऊन हातानं 'जा बाबा पुढं' केलं — तरी याला पुढं जाता येईना! शेवटी आजोबाच पुढं गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला माहीत. बाजारातल्या पाववालीनं मला विचारलं, तुझा भाऊ मैदानातही एवढाच हळू आहे का?

मला येते चालवता. तेराव्या वर्षापासून भाताच्या शेतातले ट्रक चालवलेत. म्हणून तर राहिलो मी. तीन आठवड्यांसाठी आलो होतो, दोन हंगाम राहिलो. बसस्टँडमागं गॅरेज आहे, तिथं टायर बदलायला लागलो, तिथंच ही भाषा शिकलो — आधी शिव्या, मग बाकीचं. कॉर्डेल सगळ्यांना ओळख करून द्यायचा, 'हा माझा ड्रायव्हर, हा माझा स्वयंपाकी, हा माझा दुभाषा, आणि यातलं एकही काम याला नीट जमत नाही.' मला छोट्या म्हणायचा. मी त्याच्यापेक्षा चारच वर्षांनी लहान.

आणि एक लक्षात ठेव, इथं लिथुआनियात बास्केटबॉल तुझ्यापेक्षा सगळ्यांना जास्त कळतो. तुझ्या कोचपेक्षा तुझ्या भाजीवालीला जास्त कळतो. फ्री थ्रोला तुझं कोपर बाहेर जातं, हे ती तुला बटाटे तोलता तोलता सांगेल. जातं का खरंच? … मग ऐकून घे तिचं.

ती फुलं? ती तुझीच. तिसऱ्या मजल्यावरच्या दानुतेबाईनं सकाळी आणून ठेवली, नव्या पाहुण्यासाठी. तू जिथं टेकला होतास ना, ते समोरचं दार तिचं. फुलांवरून आठवलं — हे ऐक, हे तुला उपयोगी पडेल. आम्ही आलो त्या ऑगस्टात तिनं आम्हाला पातेलंभर बीटचं सार दिलं, गार, गुलाबी, एकदम लहान मुलीच्या फ्रॉकसारखं गुलाबी. कॉर्डेलला वाटलं स्ट्रॉबेरीचं आईस्क्रीम वितळलंय. मोठा चमचा भरून तोंडात घातला आणि आत काकडी लागली! पण दुसऱ्या दिवसापासून वेडा झाला त्या सारासाठी, पातेलं पुसून खायचा. तर म्हटलं म्हातारीला काहीतरी द्यायला हवं. मी गेलो फुलवालीकडं. आपल्याकडं गुलाब म्हणजे किती? डझन. बरोबर? डझनच. मी बोटं दाखवली, बारा. फुलवालीचा चेहरा एकदम उतरला. माझ्या दंडावर हात ठेवला, हळू आवाजात काहीतरी बोलली. मला कुठं भाषा येत होती तेव्हा, मी आपला हसून मान हलवली. तिनं बारा गुलाबांना काळी रिबीन बांधली, रुंद, रेशमी. मला वाटलं, वा, काय झोकात दिसतंय!

दानुतेबाईनं दार उघडलं. आम्ही दोघं उभे, दात काढून, मधे बारा गुलाब आणि काळी रिबीन. तिनं फुलांकडं पाहिलं. आमच्याकडं पाहिलं. मग — शपथ — स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून स्वतःची नाडी पाहिली! इथं जोडीनं फुलं फक्त मेलेल्या माणसाला देतात. दोन, चार, सहा, बारा. जिवंत माणसाला एक, तीन, पाच. आम्हाला कोण सांगणार? तीही मग एवढी हसली की दाराला धरून उभी राहिली, आणि तिनं बारातला एक गुलाब ओढून काढला, कॉर्डेलच्या हातात दिला. अकरा तिचे, एक त्याचा. दोघंही जिवंत. त्यानं तो दात घासायच्या ब्रशच्या ग्लासात ठेवला, पाकळ्या गळून काडी राहिली तरी टाकू देईना. म्हणायचा, छोट्या, हे माझं औषध आहे.

आता हॉलच्या दाराशी जाशील तेव्हा दिसतील तुला फुलं. बर्फातच ठेवलीत लोकांनी. सगळी जोडीनं. मी रोज मोजतो. का मोजतो विचारू नकोस, लागली सवय. कुणा लहान पोरानं चुकून तीन ठेवली होती एका दिवशी. मी तिथं उभा राहिलो बराच वेळ. म्हटलं, बघा, एकाला तरी वाटतंय. मग त्याची आई आली आणि एक काढून घेऊन गेली.

जाऊ दे. चहा घेतोस? नको? बरं, तपासणीआधी नकोच.

तर डॉक्टरीण. युराते नाव तिचं. चांगली आहे, मोडकंतोडकं इंग्रजी बोलते, हात बर्फासारखे थंड, पण आधी एकमेकांवर चोळून गरम करते, मग लावते. वजन करते, गुडघे वाकवून बघते, पट्ट्यावर पळवते, छातीला वायरी लावते, यंत्रातून रेघांचा कागद काढते. अल्गिस दारात उभा असतो सहीचा कागद घेऊन. पास झालास की सही. नाही झालास की परतीचं तिकीट, तेही त्याच्याच खिशात असतं, मी पाहिलंय. हा धंदाच तसा आहे, त्यात अल्गिसची चूक नाही — इथं बाहेरचे खेळाडू दोनच घेता येतात, मग त्यातला एक बाकावर पाय चोळत बसलेला कोण पोसेल? कॉर्डेल म्हणायचा, छोट्या, इथं गावच्या पोरांना दुखतं. आपल्याला दुखत नसतं. आपल्याला दुखलं की विमान. घोटा सुजायचा तर हा दोन मोजे घालून जायचा. गेल्या वर्षी बोट मोडलं तर मी आईस्क्रीमच्या काडीनं बांधून दिलं, वरून चिकटपट्टी, कोचला सांगितलं नवी फॅशन आहे. पुढच्या आठवड्यात गावातल्या दहा पोरांनी बोटाला चिकटपट्टी! आम्ही दोघं पोट धरून हसलो. आम्ही फार हुशार होतो रे. लपवण्यात तर फारच हुशार.

आणि रेघा — रेघांना घाबरू नकोस. कॉर्डेलच्या रेघा सुंदर आल्या. दोन्ही वर्षी. डोंगर कसे काढतात चित्रात, एकसारखे, तशा. रेघा येतात नीट. त्या दिवशी नीटच येतात. म्हणून मग ती पेन खाली ठेवते आणि तोंडानं विचारते. दोनच प्रश्न. कधी शुद्ध जाऊन पडलायस का. आणि घरात कुणी तरुण माणूस असं अचानक गेलंय का. बस. संपलं. हेच हवं होतं ना तुला? हे दोन.

… काय सांगायचं? थांब ना. ऐक.

कॉर्डेलचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. मी त्याच्याच खोलीत राहायचो, चोरून, वॉर्डन आला की कपाटात. सकाळी सहाला तो एकटा जाळीत चेंडू टाकायचा सराव करायचा आणि मी चेंडू परत द्यायचो. फेब्रुवारीतली गोष्ट. शंभर झाले होते, एकशे एकावा टाकला, चेंडू जाळीतून गेला, मी पकडला, वळलो — तर हा खाली. पालथा. मी हाक मारली. नाही. हलवलं. नाही. माझ्या हातात संत्र्याच्या सरबताची बाटली होती, ती अख्खी त्याच्या तोंडावर ओतली. किती वेळ गेला? टीव्हीवर एक जाहिरात लागते तेवढा. मग डोळे उघडले आणि म्हणतो काय, 'छोट्या, मला संत्र्याचा वास का येतोय?' मी एवढा हसलो! भीतीनंच हसलो असेन. तोही हसला. मग दोघांनी गुडघ्यांवर बसून फरशी पुसली, चिकट झाली होती ना, आणि ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. आपल्या मोठ्या लीगनं तर त्याला विचारलंही नव्हतं, हा बाहेरचा एकच एजंट फोन करत होता. एक शब्द बाहेर गेला असता तर तोही गेला असता. त्यानंतर आमच्यात एकच शब्द होता त्याच्यासाठी. संत्रं. 'आज संत्रं नाही ना रे?' 'नाही, नाही, एकदम झकास.'

आणि आमचा बाप पस्तिसाव्या वर्षी गेला. भाताच्या गिरणीच्या आवारात, चालता चालता. जुलै होता, लोक म्हणाले ऊन लागलं. मी चार वर्षांचा. आमच्याकडं अजून तसंच म्हणतात, ऊन लागलं. बाप कसा गेला, ऊन लागून. कुणी विचारतच नाही पुढं.

तर युरातेनं पेन खाली ठेवलं. विचारलं. कॉर्डेल त्या उंच बाकड्यावर बसलेला, उघडा, छातीवर वायरींचे गोल वळ. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत, भिंतीला टेकून, पाय पसरून. त्यानं माझ्याकडं पाहिलं. तो सांगणार होता, क्विन्सी. मी त्याला ओळखतो, तो सांगणार होता. पंचांनी न पाहिलेला फाउल हात वर करून कबूल करणारा माणूस तो, कोच चिडायचे त्याच्यावर. तोंड उघडलं होतं त्यानं. आणि मी म्हणालो — मी म्हणालो, 'पडतो की डॉक्टरीणबाई! सुंदर बाई दिसली की आडवाच होतो. तुम्ही जरा लांब उभ्या राहा.'

अल्गिस हसला. ती हसली, लाजली, कानापर्यंत लाल. कॉर्डेल हसला. आणि हसता हसता तिनं दोन्ही चौकटींत खूण केली. नाही. नाही.

चांगला होता ना विनोद? तुलाही हसू आलं, मी पाहिलं. हस, हस, लाजू नकोस. चांगलाच होता. तेच तर झालंय. वाईट असता तर कुणी हसलं नसतं, तिनं पुन्हा विचारलं असतं.

मी हे तुला का सांगतोय? कुणालाच सांगितलेलं नाही मी. मम्माला नाही. तिनं फोनवर विचारलं, टोबी, तू होतास ना तिथं, त्याला आधी काही होत होतं का रे? मी म्हटलं, नाही मम्मा. तेही पटकन. पटकन बोलता येतं मला. त्याला मागच्या आठवड्यात पाठवलं घरी, आणि मी म्हटलं, सामान आवरून येतो. सामान म्हणजे ही तीन खोकी. बूट, कपडे, तो ग्लास. तीन खोक्यांना इतके दिवस लागतात का? शनिवारी अंत्यविधी आहे. सगळ्यांसाठी टी-शर्ट छापलेत, पुढं त्याचा चेहरा, मागं नंबर. मावशीनं मेसेज करून माझं माप विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. माझं माप काय मला माहीत नाही का? मीडियम. मीडियम लिहायला काय लागतं.

नोव्हेंबरात तो त्या पायरीवर बसला होता. तिसऱ्या मजल्यावर, दानुतेबाईच्या दारासमोर. मी मागून बटाट्याची पिशवी घेऊन येत होतो. राखेसारखा चेहरा. दानुतेबाई बाहेर आली, तिनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि मला म्हणाली, आजच्या आज ने याला. मला सगळं समजलं, भाषा यायला लागली होती ना. कॉर्डेल म्हणाला, नको छोट्या, अकरा सामने राहिलेत, स्पेनच्या क्लबचा माणूस बघायला येणार आहे, अकरा झाले की जाऊ. मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं. बरं. आणि त्याला हात देऊन उठवला.

पाच खेळला अकरातले. सहाव्यात कुणी धक्कासुद्धा दिला नाही त्याला. बचावासाठी मागं पळत होता, मग चालायला लागला, मग खाली बसला. जिन्यात बसला होता तसाच, गुडघे जवळ घेऊन. वर ढोल वाजतच होता. लोकांना वाटलं बुटाची नाडी बांधतोय. मलाही तसंच वाटलं — नाही. खोटं. मला तसं वाटलं नाही. मला कळलं. मी कठडा ओलांडून उडी मारली आणि माझ्या हातात सरबत नव्हतं, काही नव्हतं, मोकळे हात.

युराते धावत आली, तिनं किती वेळ छाती दाबली माहितीये? लोकांनी ओढून काढलं तिला. आता मला पाहिलं की रडते. म्हणते, माझं काहीतरी सुटलं, मला दिसायला हवं होतं. आणि मी तिला म्हणतो, रडू नका, तुमची काही चूक नाही. एवढंच म्हणतो. पुढचं म्हणत नाही.

आता तू बोल.

… नाही, दमलो वगैरे नको. विमानाचा थकवा नको. तू त्याच पायरीवर बसलास. मघाशी मी म्हटलं त्यात विशेष काही नाही, ते खोटं म्हटलं. बावीस वर्षांचा खेळाडू पाच मजल्यांना बसत नाही. आणि पायऱ्या चढता चढता तुझा पहिला प्रश्न काय — जेवायला काय मिळतं नाही, पोरी कशा आहेत नाही, गाडी कुठली नाही. डॉक्टरीण काय विचारते. असा प्रश्न कोण विचारतं मला माहीत नाही होय? मीच विचारला होता तो, कॉर्डेलच्या आधीच्या खेळाडूला. याच दारात.

कधी झालं? … उन्हाळ्यात. एकदा? … माझ्याकडं बघून सांग. … दोनदा. कुणाला माहितीये? … बहिणीला. आणि तिनं वचन दिलंय कुणाला सांगणार नाही म्हणून. हं. चांगली बहीण असेल. मीही चांगलाच भाऊ होतो.

ओरडत नाहीये मी. मी ओरडत नाहीये! आवाजच असा आहे. — थांब जरा. खिडकी उघडतो, फार गरम होतं इथं.

हे बघ. सांगितलंस तर कदाचित पाठवतील परत. खोटं कशाला बोलू, पाठवतील. अल्गिस खिशातून तिकीट काढेल. ओहायोत उतरशील तेव्हा गल्लीतली पोरं म्हणतील, आला बघा, आठवडाभर टिकला नाही. तुझा जुना कोच फोन उचलणार नाही. कदाचित मोठ्या शहरातल्या मोठ्या यंत्रात घालतील आणि काहीच निघणार नाही, मग खेळशीलच इथं, माझ्या बाकावर पाय ठेवून झोपशील. मला काय माहीत, मी काय डॉक्टर आहे? पण परत गेलास तरी सीटवर बसून जाशील ना. वर, माणसांबरोबर. ती ट्रे घेऊन येते तिला सांगशील, कोंबडी नको, पास्ता दे. खिडकीची सीट मागून घे.

कॉर्डेलला कुठली सीट दिली ते मी विचारलं नाही.

चल. ऊठ. पावणेअकरा झाले. अल्गिस नाही येत न्यायला, तो थेट तिथं भेटेल, गाडी मीच चालवणार — तुला कुठं येतात गिअर? मी आत येणार आहे तुझ्याबरोबर. त्याच खुर्चीत बसणार आहे, भिंतीला टेकून. ती पेन खाली ठेवेल तेव्हा आधी मी बोलेन, संत्र्याचं सांगेन, बापाचं सांगेन, मग तू बोल. तू नाही बोललास तर मी तुझंही सांगेन, मला इथली भाषा येते, तुला येत नाही. शिव्या दे हवं तर. पण आज मी विनोद करणार नाही. एकही नाही. बसची काळजी नको, दोनची गेली तर चारची आहे, आणि मम्माला काय सांगायचं ते बसमध्ये बसून ठरवीन. नाही, ठरवायचं काय त्यात. जे आहे ते.

फुलं राहू दे तिथंच, मी पाण्यात घालतो. तीनच आहेत. मी दोनदा मोजली.

तू हो पुढं, मी कुलूप लावून येतो. कोट घाल. आणि पायऱ्या सावकाश उतर, पळत नको. तिसऱ्यावर बसावंसं वाटलं तर बस, लाजू नकोस, मी मागून येतोय. — बघत काय बसलायस? जा.